जिल्ह्याची हद्द कायद्याने कुठे असते आणि ती कशी शोधायची

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे देताना एक छोटा अपवाद लिहिला होता: चंदगड तालुका वगळून. तेवढ्या शब्दांनी चंदगड मुंबई राज्यात राहिला, आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पुढे १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावे गुजरातला गेली. ती कशी गेली, हे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिसते. तालुक्याचे नाव आणि त्याखाली गावांची यादी. डोंगरमाथ्यावरून अमुक ओढ्यापर्यंत, असे वर्णन तिथे नाही, अक्षांश-रेखांशही नाहीत.

जिल्ह्याच्या हद्दीचेही तसेच आहे. नकाशावरची जाड तुटक रेघ पाहून आपल्याला वाटते की सरकारने कधीतरी ती रेघ मारली आणि तिच्या आतली गावे त्या जिल्ह्याची झाली. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी गावांची यादी ठरते. त्या यादीतल्या कडेच्या गावांच्या शिवा जोडत गेल्या की जी रेघ तयार होते, ती जिल्ह्याची हद्द. म्हणून हद्दीचा कोणताही प्रश्न नकाशापासून सोडवायला घेतला की माणूस चकतो. गावापासून सुरुवात केली की वाट सापडते.

ज्यांची जमीन दोन तालुक्यांच्या किंवा जिल्ह्यांच्या शिवेवर आहे, ज्या ग्रामपंचायतीला गाव दुसऱ्या तालुक्यात जोडून हवे आहे, किंवा ज्यांना अभ्यासासाठी, बातमीसाठी खरी हद्द हवी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत. इतर राज्यांत कायद्यांची नावे आणि कलमे वेगळी असतील.

आधी ठरवा: कोणती हद्द हवी आहे?

एकाच जागेवरून सहा-सात वेगवेगळ्या हद्दी जातात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा असतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

महसुली जिल्हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे ठरतो. दस्त नोंदणीचे जिल्हे आणि उपजिल्हे १९०८ च्या नोंदणी कायद्याने ठरतात. फौजदारी न्यायालयांसाठी सत्र विभाग असतात. ते राज्य शासन उच्च न्यायालयाचा विचार घेऊन बदलू शकते. आज त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ७ लागू आहे. पोलीस आयुक्तालयाचे क्षेत्र आणखी वेगळे. मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यात आणि वसई-विरार पालघर जिल्ह्यात, तरी २०२० पासून दोघांचे पोलीस आयुक्तालय एकच आहे. नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत ठाणे जिल्ह्याचा भाग येतो आणि रायगडमधले पनवेल-उरणही येते. मतदारसंघांचे तर विचारूच नका: मावळ लोकसभा मतदारसंघात पुणे जिल्ह्यातले मावळ, पिंपरी, चिंचवड आहेत आणि रायगडमधले पनवेल, कर्जत, उरणही. रावेरमध्ये जळगाव जिल्ह्याबरोबर बुलढाण्याचे मलकापूर आहे.

पिनकोडचा जिल्ह्याशी कायदेशीर संबंध काहीच नाही, तो टपाल खात्याच्या वाटपाच्या सोयीचा आहे. आधारवर किंवा वीजबिलावर छापलेला तालुकाही पुरावा म्हणून धरू नका.

महानगरपालिकेबद्दलही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गाव महापालिकेच्या हद्दीत गेले म्हणून महसुली गाव संपत नाही. त्याचे नाव, त्याची शीव, त्याचा तालुका तसाच राहतो. फक्त स्थानिक कारभार ग्रामपंचायतीकडून महापालिकेकडे जातो. ग्रामपंचायतीचे क्षेत्र आणि महसुली गाव हेही नेहमी एकच नसतात. गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावे असू शकतात.

पुढे जे लिहिले आहे ते महसुली हद्दीबद्दल आहे, कारण बाकीच्या बहुतेक हद्दी तिच्याच भाषेत लिहिल्या जातात. मतदारसंघ पुनर्रचनेचा २००८ चा आदेश उघडून पाहा: अमुक तालुका, त्यातले अमुक महसूल मंडळ (काही सजांचा गट), अमुक सजा (एका तलाठ्याकडची गावे), अशीच मांडणी दिसेल.

कलम ४ शांतपणे वाचा

जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. त्याआधी पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १८७९ ची मुंबई संहिता होती, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा आणि विदर्भात मध्य प्रदेशाचा कायदा होता. म्हणून जुने कागद पाहताना तो भाग तेव्हा कोणाच्या अमलाखाली होता, हे आधी विचारायचे. कागदाचे नाव, मोजणीची पद्धत, नकाशाची धाटणी सगळे त्यावर अवलंबून असते.

संहितेचे कलम ४ सांगते की राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील: कोणते जिल्हे मिळून महसूल विभाग होतो, कोणते उपविभाग मिळून जिल्हा, कोणते तालुके मिळून उपविभाग, कोणती गावे मिळून तालुका आणि कोणते स्थानिक क्षेत्र म्हणजे गाव. ही उतरंड बारकाईने पाहा. विभागापासून तालुक्यापर्यंत प्रत्येक थराची व्याख्या त्याच्या खालच्या थराने केली आहे. जमिनीला पाय टेकतात ते फक्त शेवटच्या पायरीवर, म्हणजे गावाशी. त्यामुळे एखादे गाव एका तालुक्यातून काढून दुसऱ्यात घातले आणि तो तालुका दुसऱ्या जिल्ह्यात असला, तर जिल्ह्याची, आणि काही वेळा महसूल विभागाचीही हद्द त्याच अधिसूचनेने हलते. वेगळी रेघ मारावी लागत नाही.

याच कलमाखाली शासन ही क्षेत्रे एकत्र करू शकते, तोडू शकते, त्यांच्या सीमा बदलू शकते किंवा ती रद्द करू शकते. जिल्हाधिकाऱ्याला अधिकार आहे तो फक्त गावांची सजांत आणि सजांची मंडळांत मांडणी करण्याचा. गाव कोणत्या तालुक्यात, हे ठरवणे त्या मांडणीत येत नाही. तलाठ्याचा म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा सजा बदलला तर तालुका बदलला असे समजू नका.

आणखी एक अट आहे आणि नागरिकांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची: पूर्वप्रसिद्धी. आधी प्रारूप अधिसूचना, तिच्यावर हरकती-सूचनांसाठी मुदत, आलेल्या हरकतींचा विचार आणि मग अंतिम अधिसूचना. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २४ मधली रीत इथे लागू होते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव या नावांचा प्रवास आठवा. शहरांच्या नावांची अधिसूचना फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाली. पण महसुली जिल्हा, तालुका, गाव यांच्या नावांसाठी हरकती मागवाव्या लागल्या आणि अंतिम अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. मधल्या काळात शहराचे नाव एक आणि जिल्ह्याचे दुसरे होते. त्यात कोणाची चूक नव्हती, कायदाच तसा आहे.

अधिसूचना मिळवा

१ मे १९६० ला राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१ चे. लातूर १६ ऑगस्ट १९८२ चा, गडचिरोली त्याच महिन्याच्या २६ तारखेचा. मुंबई उपनगर ऑक्टोबर १९९० मध्ये झाला. वाशिम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ ला, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ ला. तुमचा प्रश्न या जिल्ह्यांबद्दल किंवा ते ज्यातून निघाले त्यांच्याबद्दल असेल, तर या तारखांच्या आसपासचे राजपत्र शोधायचे. अलीकडचे अंक शासनाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर मिळतात. जुने अंक शासकीय मुद्रणालयाकडे, मोठ्या ग्रंथालयांत आणि पुराभिलेख संचालनालयात असतात. अशा अधिसूचना बहुधा असाधारण अंकात निघतात, त्यामुळे फक्त साप्ताहिक अंक चाळून थांबू नका.

सापडत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र ‘आमच्या जिल्ह्याची हद्द कळवावी’ असे लिहिलेत तर हाती काही लागणार नाही. ‘जमीन महसूल संहितेच्या कलम ४ खाली, अमुक गाव अमुक तालुक्यात समाविष्ट करणारी अंतिम अधिसूचना, तिची अनुसूची आणि प्रारूपावर आलेल्या हरकतींवरील निर्णयाची प्रत’ असे मागा. कागदाचे नाव घेतले की कागद मिळतो.

अधिसूचना हाती आल्यावर तीन गोष्टी पाहा: ती प्रारूप आहे की अंतिम, अंमल कोणत्या तारखेपासून आणि अनुसूचीत पूर्ण तालुके आहेत की सुटी गावे. पालघरचे उदाहरण सोपे आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातले पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात ठाण्यात राहिले. म्हणजे वाड्याच्या पूर्वेकडची जी तालुकाहद्द काल शहापूरला लागून होती, तीच १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हाहद्द झाली. जमिनीवर एकही दगड हलला नाही. जालन्याचे थोडे वेगळे: मुख्य भाग औरंगाबाद जिल्ह्यातला, पण परतूर परभणीकडून आला. त्यामुळे जालन्याची जुनी कागदपत्रे शोधताना दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे पाहावी लागतात.

गावांची यादी पक्की करा

इथे वेळ द्या, घाई करू नका.

जिल्हा जनगणना पुस्तिकेत तालुकावार गावांची यादी आणि प्रत्येक गावाचा सांकेतिक क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतही गावनिहाय क्रमांक आहेत. नावापेक्षा क्रमांकावर विसंबा. खुर्द आणि बुद्रुक यांची अदलाबदल होते, कोकणात ‘तर्फ’ पुढचे नाव गाळले जाते आणि एकाच जिल्ह्यात एकाच नावाची चार गावे सापडतात. अधिसूचनेच्या मराठी आणि इंग्रजी प्रतींत नावाचे रूप वेगळे दिसले तर दोन्ही लिहून ठेवा.

ओसाड गावे विसरू नका. ज्या गावात आज एकही घर नाही, त्याची महसुली शीव मात्र शाबूत असते. विदर्भात अशा गावांना रिठी म्हणतात. मतदार यादीत ती दिसत नाहीत, ग्रामपंचायतीच्या फलकावरही नसतात आणि हद्द काढताना नेमकी तिथे फट पडते. जनगणनेच्या यादीत मात्र ती निर्जन म्हणून नोंदलेली असतात.

धरणात गेलेल्या गावांचेही असेच. उजनीच्या पाण्याखाली गावठाण गेले, माणसे दुसरीकडे वसली, तरी जुन्या गावाची शीव यादीतून आपोआप पुसली जात नाही. पुनर्वसित गावठाण वेगळे महसुली गाव व्हायचे तर त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना लागते. वाडी, तांडा, पाडा यांनाही तोच नियम. लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत असले तरी अधिसूचना निघेपर्यंत ते मूळ गावाचाच भाग असतात. हे अन्यायाचे वाटते, आणि पुष्कळदा असतेही. पण कागदावरची स्थिती माहीत असल्याशिवाय ती बदलायला अर्जही नीट करता येत नाही.

गावनकाशावर शीव पाहा

आता कडेच्या गावांचे नकाशे घ्या. गावनकाशाची प्रमाणित प्रत तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ‘महाभूनकाशा’वर ऑनलाइन पाहता येतो, पण तो पाहण्यापुरता. वादात प्रमाणित प्रतच ठेवा.

फक्त आपल्या गावाचा नकाशा घेऊन भागत नाही. शिवेपलीकडच्या गावाचाही घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. एकाच शिवेची रेघ दोन्हींत सारखी आहे का? वळणे जुळतात का? तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ते ठिकाण दोन्हींत एकाच जागी येते का? बऱ्याचदा जुळते. कधी दोन नकाशांत एक चिंचोळी पट्टी दोघांतही येते, कधी कोणातच येत नाही. प्रमाण तपासा, कारण दोन जिल्ह्यांचे नकाशे वेगवेगळ्या प्रमाणांवर काढलेले असू शकतात. मुंबई इलाख्यातली नव्या पद्धतीची मोजणी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली आकाराला आली. इतर प्रदेशांची परंपरा निराळी, त्यामुळे मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या सांध्यावर असा फरक आढळला तर लगेच घोटाळा झाला असे मानू नका.

जुन्या अधिसूचनेत सर्व्हे नंबर असतील आणि आज सातबाऱ्यावर गट नंबर असतील. मधे एकत्रीकरण योजना, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून नवे गट पाडण्याची योजना, होऊन गेलेली असते. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मागा. गावाचा तुकडा दुसऱ्या गावात गेला असेल तर कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदणारा कागद) झालेले असणार, तेही मागा. आकारबंदातले (प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि आकारणी नोंदणाऱ्या पत्रकातले) एकूण क्षेत्र आणि नकाशावरचे क्षेत्र यांचा मेळ बसतो का, ही शेवटची पडताळणी.

नदी हा स्वतंत्र प्रश्न आहे. नीरा, भीमा, गोदावरी, वर्धा, वैनगंगा या नद्या बऱ्याच अंतरापर्यंत जिल्ह्यांच्या हद्दीला लागून वाहतात. तेव्हा हद्द पात्राच्या मध्यावर आहे की एका काठावर, याचे सगळीकडे लागू पडणारे उत्तर गृहीत धरू नका. दोन्ही काठांवरच्या गावांच्या नकाशांत पात्र कोणाकडे दाखवले आहे, ते पाहा. पुराने पात्र सरकले म्हणून गावाने आपण होऊन जिल्हा बदलला असे धरू नका. मोजणीत नोंदलेली शीव हाच तुमचा आधार. वाळूच्या लिलावात आणि मळईच्या जमिनीत याच कारणाने वाद पेटतात. म्हणून नदीकाठच्या माणसाने हे कागद वाद होण्याआधी काढून ठेवावेत, असे मला कळकळीने वाटते.

शिवारात जाऊन पाहा

शिवेचे दगड आणि इतर सीमाचिन्हे राखण्याबद्दल संहितेत हद्दींचे पूर्ण प्रकरण आहे, जोडीला १९६९ चे हद्द व सीमाचिन्हांचे नियम आहेत. सीमाचिन्ह हलवणे किंवा मोडणे दंडनीय आहे. दगड सापडला तर त्याला हात न लावता फोटो काढा, जवळच्या कायम खुणा नोंदवा. मोबाइलवरच्या स्थाननोंदीत काही मीटरांचा फरक पडतो, ती पुरावा म्हणून नव्हे तर पुन्हा जागा सापडावी म्हणून घ्या. अचूक जागा भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदारच ठरवील. आता रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा टिपणाऱ्या यंत्राने, होणारी मोजणी खूप काटेकोर असते, पण तिलाही जुन्या नकाशाशी बांधावेच लागते.

वाद असेल तर

१८७९ च्या संहितेत एक सुंदर तरतूद होती. शेजारच्या गावांच्या पाटलांनी आपसांत एक रेघ मान्य केली तर त्यांच्याकडून करार लिहून घ्यायचा आणि तीच शीव कायम करायची. एकमत नसेल तर मोजणी अधिकाऱ्याने वादग्रस्त जागेचा नकाशा काढून, चौकशी करून निवाडा द्यायचा. कोणाला जुन्या दप्तरात असा करारनामा सापडला, तर तो जपून ठेवावा.

आज मोजणी झालेल्या गावांच्या शिवेबद्दल वाद उठला तर जिल्हाधिकारी रीतसर चौकशी करून निर्णय देतात आणि संबंधितांना बाजू मांडण्याची संधी असते. वाद दोन जिल्ह्यांमधला असेल तर माझा सल्ला असा: अर्ज दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत विभागीय आयुक्तांना. जिल्हे दोन वेगळ्या विभागांत असतील, उदाहरणार्थ पुणे आणि अहिल्यानगर, तर मंत्रालयातल्या महसूल विभागालाही. अर्जात ‘हद्द बदला’ आणि ‘हद्द निश्चित करा’ या मागण्या एकत्र करू नका. पहिली कलम ४ ची, शासनाकडची. दुसरी मोजणी आणि चौकशीची. एकत्र केलेल्या अर्जाला दोन टेबलांमध्ये फिरण्यापलीकडे गती मिळत नाही.

राज्याच्या हद्दीवरचा वाद मात्र या चौकटीत बसत नाही. राज्यांच्या सीमा संविधानाच्या अनुच्छेद ३ प्रमाणे संसद बदलते आणि राज्याराज्यांतला दावा अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात चालतो. महाराष्ट्राने बेळगाव सीमाप्रश्नावर २००४ मध्ये तोच मार्ग धरला. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तेलंगणाही हक्क सांगतो, तिथल्या लोकांनी दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत मतदान केले आहे. अशा ठिकाणी तहसीलदाराच्या दाखल्याने प्रश्न सुटत नाही.

गाव दुसरीकडे जोडून हवे असेल तर

ग्रामसभेच्या ठरावापासून सुरुवात करा. कलम ४ ठरावाची सक्ती करत नाही, पण ठरावाशिवाय प्रस्तावाला वजन येत नाही. तिथून तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि महसूल विभाग असा प्रवास असतो. प्रारूप अधिसूचना निघाली की मुदतीत लेखी म्हणणे द्या, पाठिंबा असला तरी द्या. विरोधकांच्याच हरकती नोंदल्या गेल्या तर फाइलवर एकच बाजू दिसते.

वेळेचेही भान ठेवा. जनगणनेच्या नियमांप्रमाणे गणनेच्या काळात जिल्हे, तालुके, गावे यांच्या हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही बदलांची शेवटची तारीख ठरवली होती. त्यानंतर गणना पूर्ण होईपर्यंत अंतिम बदल होत नाहीत. प्रस्ताव तयार करायला मात्र आडकाठी नाही. या काळात ग्रामसभेचा ठराव, गावाचा आणि लगतच्या सर्व गावांचा प्रमाणित नकाशा, आकारबंदाचा उतारा, जुन्या अधिसूचनेची प्रत, गावापासून दोन्ही तालुका मुख्यालयांपर्यंतचे रस्त्याने अंतर आणि एसटीच्या फेऱ्यांचा तक्ता एका फाइलमध्ये लावून पोच घेऊन तहसील कार्यालयात दाखल करा.